दिवे घाटातली डुलकी

पुण्यातल्या मुक्कामाच्या दुसऱ्या रात्री झोप अशी लागलीच नाही. नाना पेठेतल्या एका शाळेच्या वऱ्हांड्यात आमच्या दिंडीतल्या बायका ओळीनं आडव्या झालेल्या. जवळच निवडुंगा विठोबाच्या देवळात तुकोबांची पालखी, भवानी पेठेत पालखी विठोबापाशी माउलींची, आणि मधल्या गल्ल्यांतून रात्रभर भजन. डोळा लागला की भजन स्वप्नात यायचं, उघडला की बाहेर चालूच असायचं.

पहाटे निघालो. हडपसरला वाटा फुटतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरला जाते, माउलींची सासवडला. आजी इथवरच यायची. दोन दिवस वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढायची, मग पालखीला पोचवायला हडपसरपर्यंत चालायची आणि माघारी फिरायची. घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा होते. ‘पुढच्या साली जाईन’ हे तिचं वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की मला ते अभंगातलंच वाटायचं. तिला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

वडकीला दुपारचा विसावा झाला आणि घाट लागला. माउलींच्या रथाला इथं जादा बैलजोड्या जुंपतात. उन्हानं डोकं जड, डोळ्यांत रात्रीचं जागरण, आणि टाळांचा एकच ठेका. झोपेला आसुसलेला मेंदू चालता चालताही काही क्षण मिटून घेतो. पाय मात्र ठेका सोडत नाहीत.

डावीकडे आजी होती. नऊवारीचा ओचा खोचलेला, चपला हातात.

“आधी पाणी पी गं,” म्हणाली.

“हो, पिते,” मी मोठ्यानं म्हणाले, आणि माझ्याच आवाजानं डोळे उघडले. आजी नव्हती. घसा मात्र खरंच कोरडा पडला होता. बाटली काढून प्यायले. स्वप्नातलं सांगणं मी जागेपणी ऐकलं होतं.

भास झाला म्हणून मी सोडून दिलं असतं, पण या वाटेवर ते जमेना. तुकोबांना गुरूंनी स्वप्नात मंत्र दिला. अभंगात त्यांनी त्याची तिथी सांगितली, माघ शुद्ध दशमी, आणि वारही सांगितला, गुरुवार. गुरूंनी जेवायला पावशेर तूप मागितलं आणि आपण ते विसरलो, हेही सांगितलं. ती चुकलेली पंगत वाचताना मला दरवेळी भरून येतं. नाथांच्या स्वप्नात तर माउली आले. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, ती काढ म्हणाले, आणि नाथ पैठणहून थेट आळंदीला निघाले, अशी परंपरा सांगते. पुढं 1584 साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. स्वप्न खरं की खोटं, यावर ते अडून बसले नाहीत.

शेजारी तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या परभणीकडच्या एक आजीबाई चालत होत्या.

“कुनाला म्हनलीस, माउली?”

“आजीला. तिची वारी राहिली होती.”

त्यांनी माझ्या डावीकडं पाहिलं. म्हणाल्या, “मग चालू दे की तिला,” आणि जरा बाजूला सरकल्या. आमच्या दोघींच्या मधे एका माणसापुरती जागा झाली. घाटमाथ्यापर्यंत आम्ही ती तशीच ठेवली.