लाईट गेली की मराठी कीबोर्ड गायब, त्याचा कायमचा इलाज

परभणीत आमच्या मामांच्या दुकानात जुन्या पीसीवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम), एक्सएफसीई डेस्कटॉपवालं, टाकून दिलंय, अर्ज, दाखले सगळं मराठीत टाइप होतं. पण उन्हाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही, अन् पीसी परत चालू केला की मामांचा फोन, "काय रे, पुन्हा इंग्रजीच यायलंय की!"

चूक माझीच होती. मी टर्मिनलात सेटएक्सकेबीमॅप कमांड मारून मराठी लेआउट (कुठल्या बटणाला कुठलं अक्षर ते) लावला होता, अन् ती कमांड फक्त त्या सेशनपुरती असते, रिस्टार्ट केलं की गेलं सगळं.

मग इटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातली कीबोर्ड नावाची फाइल सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार) लावून उघडली, एक्सकेबीलेआउटच्या ओळीत यूएस (इंग्रजी), मग कॉमा, मग इन (भारतीय, म्हणजे देवनागरी) असं मधी स्पेस न सोडता लिहिलं, अन् ऑप्शन्सच्या ओळीत ऑल्ट-शिफ्टनं भाषा बदलायचं टाकलं. तरीबी होईना! मग कळलं की एक्सएफसीईचं स्वतःचं सेटिंग वरचढ ठरायलंय, म्हणून कीबोर्ड सेटिंगच्या लेआउट टॅबमधी 'सिस्टीम डिफॉल्ट वापरा'वर टिक केलं तेव्हा कुठं जमलं. डेबियन, उबंटू या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनाबी हीच फाइल.

हा 'इन' लेआउट म्हणजे आपला इनस्क्रिप्ट, भारतीय भाषांचा सरकारी प्रमाण कीबोर्ड. शिफ्ट दाबून एन मारलं की ळ, शिफ्ट-जे मारलं की 'सुऱ्या'तला ऱ. मामांची बोटं यावरच बसलीत, म्हणून दुसरं काही लादायचं नव्हतं मला. काल दोनदा लाईट गेली, फोन आला नाही.