सहा लवकर पडतच नाही

"सर, सहा लवकर पडतच नाही."

संभाव्यतेचा पहिलाच तास. फाशावर सहा पडण्याची शक्यता म्हणून फळ्यावर मी नुकतंच 'एक षष्ठांश' लिहिलं होतं आणि मागच्या बाकावरून हा आक्षेप आला. अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. डोलावणारच! ल्यूडोत सगळ्या सोंगट्या घरात अडकवून यांनी सहाची वाट पाहिलेली. फासा मुठीत खुळखुळवायचा, त्यावर फुंकर मारायची, डोळे मिटायचे, आणि दान पडतं दोनचं.

बरं, अनुभव खोटा नाही. सहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के आहे, आणि दहा वेळा टाकूनही न पडण्याची १६ टक्के. म्हणजे ताटकळणं खरंच वाट्याला येतं. फक्त तीनसाठी कुणी असं ताटकळलेलं नसतं. तीनवर सोंगटी सुटत असती, तर त्यानेही इतकंच रडवलं असतं.

हे मी सांगितलं. कुणाला पटलं नाही. मग आम्ही फासा १२० वेळा टाकला. हिशेबाने सहा साधारण २० वेळा पडायला हवं. पडलं २३ वेळा. आता तरी? "सर, तुमच्या हाताला गुण आहे."

दुसरा एक पक्ष म्हणतो, पडेल नाहीतर नाही पडणार, दोनच गोष्टी, म्हणजे निम्मी शक्यता. याला हसावं तर पंचाईत. दोन नाणेफेकींत निदान एकदा छापा पडण्याची शक्यता किती? उत्तर तीन चतुर्थांश. पण द'आलांबेर या मोठ्या फ्रेंच गणितज्ञाने १७५४ साली, फ्रेंच विश्वकोशात, दोन तृतीयांश म्हणून वाद घातला होता. पहिल्याच फेकीत छापा आला की खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच: पहिल्या फेकीत छापा, दुसऱ्या फेकीत छापा, किंवा दोन्हींत काटा, असं त्याचं म्हणणं. त्या तिन्ही सारख्या वजनाच्या नाहीत, हे त्याच्या गळी उतरलं नाही. माझी पोरं तर अवघी पंधरा वर्षांची आहेत.

परीक्षेत त्या मागच्या बाकवाल्याने बरोबर एक षष्ठांश लिहिलं. मी खूश होऊन विचारलं, "पटलं ना मग?"

"पेपरात एक षष्ठांशच, सर," तो म्हणाला. "खेळताना नाही."