सातवे आरमार आणि आमचे चर्च

1971 चे युद्ध चौदा दिवसांत संपले, असे शाळेच्या पुस्तकात लिहिलेले असते आणि ते खरेही आहे. 3 डिसेंबरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले, 16 तारखेला ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवरही तोफा थांबल्या. ख्रिस्ती माणसाच्या पंचांगात मात्र हे दिवस नेमके आगमनकाळात आले होते. नाताळाच्या आधीच्या चार रविवारांपैकी दोन रविवार युद्धात गेले आणि त्या दोन रविवारांत भुसावळच्या आमच्या लहानशा मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायाने, जे काही निभावले, त्याविषयी कोणी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. मी तेव्हा सातवीत होते.

भुसावळात ख्रिस्ती समाज एकजिनसी कधीच नव्हता. रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर आणि त्यांची कुटुंबे होती, गोव्याकडचे आणि मद्रासकडचे कॅथलिक होते, आणि आम्ही मराठी प्रॉटेस्टंट. आमची मंडळी अलायन्स मिशनची होती. हे मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून आले आणि त्याने वऱ्हाड-खान्देशात काम उभे केले. पलीकडे नंदुरबार-नवापूरच्या बाजूला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक होते. 1899-1900 च्या दुष्काळात, ज्याला जुनी माणसे ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणत, आईबाप गमावलेली कितीतरी मुले अशा मिशनांच्या अनाथाश्रमांत वाढली. माझी आजी त्यांतलीच एक. तिला स्वतःचे मूळ गाव सांगता येत नसे; पाचोऱ्याच्या अलीकडचे कुठलेसे, एवढेच ती सांगायची. खान्देशातल्या निम्म्या ख्रिस्ती घराण्यांची वंशावळ अशी एखाद्या दुष्काळापाशी येऊन थांबते, असे मी म्हटले तर त्यात फार अतिशयोक्ती होणार नाही.

युद्ध सुरू झाल्याची पहिली खूण आमच्या घरी कॉलबॉयच्या रूपाने आली. ज्यांचे रेल्वेत कोणी नव्हते त्यांच्यासाठी सांगते, की गार्ड आणि ड्रायव्हर यांना ड्युटीवर बोलावण्यासाठी शेडमधून एक माणूस कॉलबुक घेऊन घरोघर फिरत असे आणि त्या वहीत वेळ लिहून सही घेत असे. माझे वडील मालगाडीचे गार्ड होते. एरवी कॉलबॉय सायकलची घंटी वाजवत यायचा आणि अंगणातूनच हाका मारायचा. आता तो पायी, बत्तीला काळे फडके गुंडाळून येऊ लागला, आणि वडील परतून चार तास झोपले नाहीत तोच पुन्हा दारात उभा राहू लागला. रजा सगळ्यांच्याच रद्द झाल्या होत्या. मुंबईकडून येणारा मार्ग भुसावळला फुटून एक फाटा नागपूरकडे आणि दुसरा इटारसीकडे जातो, त्यामुळे पूर्वेला किंवा उत्तरेला जे काही जायचे ते बरेचसे आमच्या यार्डातून जायचे. ‘मिलिटरी स्पेशल’ कुठली आणि कुठे चालली, हे वडील घरात बोलत नसत. पण त्यांच्या डब्यात किती भाकऱ्या बांधायच्या यावरून आई अंदाज करायची.

संध्याकाळ झाली की काळोख. खिडक्यांच्या तावदानांना काळा कागद चिकटवलेला, सायकलच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग, आणि एखाद्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की होमगार्डची आरोळी. लोको शेडचा भोंगा, ज्याच्यावर सारे गाव घड्याळ लावायचे, तो आता वाजला की प्रत्येक जण आधी आकाशाकडे बघायचा. आमच्या मिशन शाळेच्या मैदानात चर खणले गेले, आणि ते नेमके त्या जागी, जिथे दरवर्षी नाताळच्या नाटकाचे स्टेज उभे राहत असे. बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा मोठा तारा 1 डिसेंबरलाच चर्चच्या दारावर चढवून झाला होता. तो उतरवावा की ठेवावा यावर थोडा वाद झाला. शेवटी त्यातला बल्ब तेवढा काढून घेतला आणि तारा तसाच लटकत राहिला.

संध्याकाळची उपासना दुपारी तीनला आणली गेली, ते सोपे होते. खरा प्रश्न कॅरोल पार्टीचा होता. दरवर्षी पंधरा-वीस जण पेट्रोमॅक्स, ढोलकी आणि झांजा घेऊन घराघरांत जायचे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनाला जी अभंगाची चाल लावून दिली, तिच्यावर आमची बरीचशी गाणी चालत, म्हणून शेजारचे वारकरी पाटीलसुद्धा उंबऱ्यावर येऊन ठेका धरायचे. काळोखात पेट्रोमॅक्स शक्यच नव्हता. तेव्हा एका उत्साही तरुणाने सुचवले, की गार्डसाहेबांची हातबत्ती घेऊ या, तिला फडके बांधू या, तेवढ्या उजेडात गाण्याची वही दिसेल. माझे वडील सहसा आवाज चढवणारे नव्हते. ते त्या दिवशी चढवून म्हणाले, “ती बत्ती गाणं म्हणायला दिलेली नाही. रुळाशेजारच्या घरापुढे कोणी हिरवी काच फिरवली आणि ती ड्रायव्हरने पाहिली तर काय होईल, ठाऊक आहे?” विषय तिथेच मिटला. त्या वर्षी कॅरोल पार्टी निघाली ती दिवसाउजेडी, शाळा सुटल्यावर. आणि उन्हात नाताळगीते म्हणताना आम्हा पोरांना भारी ओशाळल्यासारखे झाले, हेही नमूद करते.

फराळ मात्र कमी झाला नाही, उलट वाढला. महिला मंडळाने ठरवले, की घरच्या नाताळासाठी करंज्या-शंकरपाळे जेमतेम करायचे आणि बाकीचे स्टेशनवर जवानांना द्यायचे. गाव मोठ्या मनाचे होते; गुजराती व्यापाऱ्यांच्या घरून पुऱ्या यायच्या, लेवा पाटलांच्या घरून केळीचे घडच्या घड यायचे, आणि आमच्याकडून शंकरपाळे. पाळकीणबाईंच्या, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या पत्नीच्या, स्वयंपाकघरात दोन स्टोव्ह पेटलेले असायचे, खिडकीला घोंगडे टांगलेले, आणि त्या कोंदटलेल्या धुरात पाच-सहा बायका घामाघूम होऊन तळण काढत असायच्या. तळलेले जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधायचे. एक बाई प्रत्येक पुडीत चिमटीभर कापूस ठेवायच्या, तेल टिपायला. खान्देशात कापसाची वाण नाही, पण तेल टिपण्यासाठी तो कोणी वापरलेला मी आधी पाहिला नव्हता. गाडी कधी येणार हे कोणी सांगत नसे, म्हणून टोपल्या भरून बायका फलाटावर बसून राहायच्या. काही गाड्या थांबायच्या, काही नुसत्या धडाडत निघून जायच्या.

याच मंडळीत वरणगावच्या कारखान्यात काम करणारेही होते. तो कारखाना 1964 मध्ये, म्हणजे चीनच्या युद्धानंतर उभा राहिला, आणि तिथे काडतुसे तयार होतात. ते लोक दोन-दोन पाळ्या करून रविवारी उपासनेला यायचे आणि ‘पृथ्वीवर शांती’ हा देवदूतांचा संदेश सगळ्यांबरोबर म्हणायचे. त्यांना ते कसे वाटत असेल, हा प्रश्न मला पुढे कॉलेजात असताना पडला. तेव्हा कोणालाच पडला नव्हता, किंवा पडला असेल तर तो उच्चारण्याची ती वेळ नव्हती.

मग डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली, की अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाले आहे, आणि त्यात ‘एंटरप्राइज’ नावाची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका आहे. तिकडचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे सरकार पाकिस्तानच्या बाजूने आहे हे तोपर्यंत सगळ्यांना माहीत झाले होते. आणि भुसावळात अमेरिकेशी नाते लावायला कोण सापडणार, तर आम्ही. शाळेत मुले विचारू लागली. यार्डात वडिलांना कोणीतरी हसत हसत टोमणा मारला. सगळ्यांत थेट बोलली ती आमची नेहमीची भाजीवाली. टोपली उतरवता उतरवता ती आईला म्हणाली, “काय वो बाई, तुमचे सायब लोक आपल्यावर जहाज पाठवी राहिले म्हणे?” आई काहीच बोलली नाही. आतून आजी बाहेर आली आणि म्हणाली, “आरमार आमचं असतं, तर तुझ्याकडून उधारीवर मेथी घेतली असती का गं मी?” भाजीवाली हसली, आजीही हसली. आई मात्र त्या दिवशी स्टेशनवर दुप्पट शंकरपाळे घेऊन गेली.

मिशनच्या बंगल्यात तेव्हा एक म्हाताऱ्या अमेरिकन मिससाहेब राहत होत्या. अविवाहित मिशनरी बाईला आमच्याकडे मिससाहेब म्हणत. दवाखाना चालवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि त्यांच्या मराठीत इकडचे ‘करी राहिले, जाई राहिले’ पुरते मुरले होते. त्यांना नाताळच्या उपासनेत पुढच्या बाकावर बसवावे की नाही, यावर पंच मंडळींची बैठक झाली. वडील पंचांत होते, म्हणून घरी जे ऐकू आले ते सांगते. एक पक्ष म्हणत होता, की या वर्षी त्यांनी बंगल्यातच थांबलेले बरे, गावात उगाच चर्चा नको. दुसरा पक्ष म्हणत होता, की ज्या बाईने गावातल्या निम्म्या बाळंतपणांत हात लावला, तिला दाराबाहेर ठेवले तर गावच आपल्याला नावे ठेवील. मला आज दुसरा पक्ष बरोबर वाटतो. पण पहिल्या पक्षाची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. संख्येने मूठभर असलेल्या समाजाला आपल्या निष्ठेचा दाखला असा अधूनमधून, कोणी मागितला नाही तरी, खिशात ठेवावा लागतो, आणि ती सवय जाता जात नाही.

बैठकीत ठराव झाला तो वेगळाच. नाताळच्या दिवसाचे सगळे दानार्पण राष्ट्रीय संरक्षण निधीला द्यायचे आणि तहसील कचेरीतून पावती आणायची. 1962 मध्ये तो निधी निघाला तेव्हा मंडळीतल्या दोघा-तिघींनी बांगड्या दिल्या होत्या, त्याची आठवण कोणीतरी काढली. मिससाहेबांच्या बाकाचा निर्णय बैठकीने न घेताच ठेवून दिला, जसे पुष्कळ बैठका करतात.

युद्ध थांबले आणि खिडक्यांवरचे कागद निघाले. 19 तारखेच्या, आगमनकाळाच्या शेवटच्या रविवारी पाळकसाहेबांनी व्यासपीठावर एक साधा लिफाफा हातात धरला. नोव्हेंबरच्या मध्यापासून पत्रावर पाच पैशांचे ‘शरणार्थी सहायता’ तिकीट जादा लावावे लागत होते. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच ती अक्षरे छापून काम भागवले होते आणि डिसेंबरात निर्वासितांचे चित्र असलेले तिकीट आले. नाताळच्या कार्डांवर ती तिकिटे चिकटवून आमच्या जिभा कडू झाल्या होत्या. पाळकसाहेबांनी मत्तयाचा दुसरा अध्याय वाचला, हेरोदाच्या भीतीने योसेफ बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन रातोरात मिसर देशाला पळाला तो भाग, आणि मग म्हणाले, की तिकिटावरच्या या माणसांच्या चित्रात आणि गव्हाणीच्या चित्रात फरक शोधायचा तर फक्त कपड्यांचा शोधा. पूर्व बंगालातून त्या वर्षी सुमारे एक कोटी माणसे इकडे आली होती. भुसावळात त्यांतले कोणी दिसले नाही. आमच्यापर्यंत पोहोचले ते पाच पैशांचे तिकीट.

नाताळ शनिवारी आला. मैदानातले चर बुजवायला कोणाला वेळ झाला नव्हता, म्हणून नाटक चर्चच्या ओसरीवर झाले आणि मेंढपाळ झालेली मुले, ज्यांत माझा धाकटा भाऊ होता, चरात लपून तिथून वर चढून आली. लोकांना ते इतके आवडले की पुढची दोन वर्षे चर मागत होते. तारा लागला. रेल्वे इन्स्टिट्यूटमधला नाच त्या वर्षी झाला नाही, आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांपैकी काही जण त्याऐवजी आमच्या उपासनेला येऊन, एक अक्षर न कळता, शेवटपर्यंत बसले. मिससाहेब आल्या, स्वतःच मागच्या दाराने, आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत चटईवर बसल्या. आजी उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. पुढचा बाक रिकामा राहिला, त्यावर मग लहान पोरांनी दाटी केली.

सगळा आनंद होता असेही नाही. आमच्या कंपाउंडमधला एक मुलगा सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेश दळणवळणाच्या दलात, होता आणि त्याच्या पत्त्यावर ‘99 एपीओ’, म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा क्रमांक, एवढेच असायचे; त्यावरून तो पूर्वेला आहे एवढे कळे. शरणागती झाली, पेढे वाटले गेले, तरी त्याचे पत्र नव्हते. त्याची आई नाताळच्या उपासनेत बसली होती, गात नव्हती. तिच्याशी काय बोलावे हे न कळून बायका तिला सारखा चहा देत होत्या. पत्र जानेवारीत आले. त्याने थंडीविषयी लिहिले होते आणि मोजे मागितले होते.

प्रीतिभोजन नाताळला न करता 1 जानेवारीला केले, कारण तोपर्यंत रेल्वेवाल्यांना सुट्या मिळू लागल्या होत्या. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, दुसरे काय असणार. वांगी त्याच भाजीवालीकडून मणाने घेतली. घोटताना चव बघायला तिला बोलावले, तेव्हा तिने मीठ कमी असल्याचे सांगितले, दोन बट्ट्या पदरात बांधून घेतल्या, आणि आजीकडून मेथीची जुनी उधारी वसूल केली.