रॅम वाढवली, आता जुन्या स्टिकचं काय?

लॅपटॉपमधली ८ जीबी रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, काढून १६ची बसवली की दुकानदार विचारतो, "जुनी देऊन टाकताय का?" बिलात थोडी सूट मिळते म्हणून बरेच जण तिथल्या तिथे हो म्हणतात. माझं म्हणणं, देऊ नका. वॉरंटी संपेपर्यंत तर नाहीच, आणि त्यानंतरही ते मशीन वापरात असेतो एक मूळ स्टिक घरात असू द्या.

मुळात ती काढायलाच हवी का, हे आधी बघा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी उघडली की किती स्लॉट, म्हणजे स्टिक बसवायच्या खाचा, वापरात आहेत ते कळतं. एक रिकामा असेल तर जुनी तशीच ठेवून शेजारी त्याच पिढीची (डीडीआर३, डीडीआर४ किंवा डीडीआर५) नवी बसवता येते. फक्त त्या मॉडेलला एकूण किती रॅम चालते ते तपासून घ्या. जुनी २६६६ वेगाची आणि नवी ३२००ची असेल तर साधारणपणे दोन्ही २६६६वर चालतात. ऑफिसच्या कामात हा फरक जाणवतही नाही. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्यांनी मात्र सारख्या क्षमतेची जोडी घ्यावी.

जुनी स्टिक जपायची ती मुख्यतः बिघाड शोधण्यासाठी. समजा, चार महिन्यांनी डिस्प्ले येईनासा झाला किंवा सारखी निळी स्क्रीन यायला लागली. चार्जर काढा, बॅटरीची पिन सोडवा, पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा आणि फक्त जुनी स्टिक लावून सुरू करा. चाललं तर नव्या स्टिकवर संशय. त्या स्लॉटमध्ये जुनीही चालली नाही, पण दुसऱ्यात चालली, तर स्लॉट गेला. दोन्हींत नाही, तर दुखणं बहुधा मदरबोर्डाचं. चांगली आहे अशी खात्री असलेली स्टिक हाताशी नसेल तर हे सगळं अंदाजावर चालतं आणि नको तो भाग बदलला जातो. डीडीआर५ बसवल्यावर पहिल्यांदा सुरू करताना मिनिटभर किंवा जास्तही काळी स्क्रीन राहू शकते. तेव्हा मेमरी जुळवून घेण्याचं काम चालू असतं. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

नवी स्टिक आली त्याच रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही एरर आली तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा.

वॉरंटीत मशीन सर्व्हिस सेंटरला द्यायचं असेल तर मूळ स्टिक लावूनच द्या. बाहेरून घेतलेला भाग दिसला की पहिला संशय त्याच्यावर जातो. शिवाय बोर्ड बदलून आल्यावर आत कोणती स्टिक होती, यावरून वाद नको. दोन्ही स्टिकच्या लेबलांचे फोटो काढून ठेवा.

ठेवायची कशी? नवी ज्या प्लॅस्टिकच्या खोक्यातून आली त्यात जुनी बसते. ते चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत घाला. गुलाबी पिशवी स्वतः स्थिर वीज साठवत नाही, पण बाहेरून येणारी अडवतही नाही. साधी प्लॅस्टिक पिशवी आणि थर्माकोल नकोच. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी हवी. पिशवीवर मॉडेल, स्लॉट आणि काढल्याची तारीख लिहा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. त्या खोडरबराने घासण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, पण मुलामा फार पातळ असतो. धागे न सोडणाऱ्या कापडावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं.

मशीनच गेलं तर मात्र अडकून राहू नका. लॅपटॉपच्या डीडीआर३ला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. खाचेची जागाही वेगळी, त्यामुळे एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव चढले, म्हणून चालू स्थितीतली डीडीआर४ फुकापासरी देऊ नका. वीज गेली की रॅममधला डेटा पुसला जातो, म्हणून विकताना त्याची काळजी नाही. एसएसडीचं तसं नाही, ती आधी नीट पुसावी लागते.

बिघडलेल्या स्टिकवर मार्करने ठळक फुली मारा आणि ती ई-कचऱ्यात द्या. चांगल्या स्टिकच्या डब्यात ती परत गेली तर पुढच्या वेळी तुमची चाचणीच खोटी ठरेल.