नाशिकची स्पार्कलिंग वाईन: गंगापूर ते दिंडोरी, तोडणीच्या हंगामातली फेरी

स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनसाठी नाशिकला जायचे तर जानेवारी गाठा. फेब्रुवारीच्या अखेरीस गर्दी लोटते, पण तोवर स्पार्कलिंगचा माल बागेतून केव्हाच उतरलेला असतो. साध्या वाईनची द्राक्षे साधारण 22-23 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचे माप) तोडतात, स्पार्कलिंगची 17 ते 19 ब्रिक्सलाच. बाटलीत दुसऱ्यांदा आंबताना अल्कोहोल आणखी एक-सव्वा टक्का चढते, म्हणून सुरुवातीला साखर कमी लागते. शिवाय आंबटपणा टिकवायचा असतो. थंडी सरून दुपारी तापायला लागली की मण्यातला आंबटपणा झपाट्याने उतरतो, आणि तो गेला की बुडबुडे असूनही वाईन बोथट लागते.

आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी मालासाठी. युरोपात ऑगस्ट-सप्टेंबरला होणारी तोडणी इथे जानेवारीत येते ती यामुळे. फळछाटणीनंतर पाऊस लांबला तर डाऊनी हा बुरशीरोग पडतो आणि तोडणीचे वेळापत्रक कोलमडते. म्हणून तारीख पक्की करण्याआधी वायनरीला फोन करून विचारा, 'शेनिनची तोडणी सुरू झाली का?' शेनिन ब्लाँ ही इथल्या बहुतेक स्पार्कलिंगमागची मुख्य जात.

आणखी एक सापळा. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी आली की लोक हमखास नाशिकचा बेत आखतात, पण 26 जानेवारी ड्राय डे, आणि 30 जानेवारीही. बागा दिसतील, वाईन मिळणार नाही. मंगळवार ते गुरुवार सगळ्यात बरे; शनिवारी टेस्टिंगच्या टेबलावर प्रश्न विचारायलाही जागा नसते. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट 21 आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ असू द्या.

मुंबईहून नाशिक साधारण 170 किलोमीटर, पुण्याहून 210. पुण्याहून येणाऱ्यांच्या वाटेत नारायणगाव लागते. तिथल्या इंडेज कंपनीने 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने स्पार्कलिंग वाईन काढली आणि 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही विकली. कंपनी पुढे बंद पडली. पाहण्यासारखे तिथे आता काही नाही, मिसळ खाऊन पुढे निघावे.

पहिला दिवस गंगापूर धरणाच्या बाजूला ठेवा. सुला आणि यॉर्क जवळजवळ आहेत, दोन्हीकडे टेस्टिंग रूम आहे. सुला आधी, तीही सकाळी, कारण उशिरा गेलात तर फेरीत माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नाही. यॉर्कला दुपार उतरल्यावर जा. जागा लहान, धरणाचे पाणी समोर, आणि शेनिनपासून केलेली त्यांची ब्रूट, म्हणजे कमी साखरेची स्पार्कलिंग, निवांत पिता येते. दिवसाला दोनच वायनरी. तिसरीपर्यंत जीभ थकते, मग सगळे एकच लागते. गाडी चालवणारा प्यायलेला नको, हे सांगायला लागू नये. नाशिक शहरातून गाडी दिवसभरासाठी ठरवा, कारण संध्याकाळनंतर गोवर्धन गावाच्या बाजूला परतीची रिक्षा मिळेलच असे नाही.

वायनरीच्या फेरीत टाक्या सगळीकडे सारख्याच. वेळ द्यायचा तो बाटल्यांच्या भागाला. तयार झालेल्या आंबट, फिक्या वाईनमध्ये लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली सोड्याच्या बाटलीसारख्या पत्र्याच्या बुचाने बंद करतात. दर 4 ग्रॅम साखरेमागे सुमारे 1 बार दाब तयार होतो, म्हणजे आत जवळपास 6 बार. काच जाड असते ती याचसाठी. यीस्ट काम संपवून मरते आणि गाळ होऊन बसते. वाईन त्या गाळावर जितकी जास्त राहील तितका भाजलेल्या पावाचा वास उतरतो आणि बुडबुडे बारीक होतात. मग बाटल्या हळूहळू उलट्या करत गाळ मानेत आणतात. पूर्वी हे हाताने होई, आता बहुतेक ठिकाणी यंत्राच्या पिंजऱ्यात, एका वेळी सुमारे 500 बाटल्या. शेवटी मान उणे 25 अंशांच्या द्रावात बुडवून गाळ गोठवायचा आणि बूच उघडायचे. आतल्या दाबाने बर्फाची गोळी बाहेर उडते. जागा भरून काढताना किती साखर घातली यावर लेबल ठरते. ब्रूट म्हणजे लिटरला 12 ग्रॅमच्या आत, डेमी-सेक म्हणजे 32 ते 50. 'एक्स्ट्रा ड्राय' नावाला फसू नका, ती ब्रूटपेक्षा गोड असते.

मार्गदर्शकाला एकच प्रश्न विचारा: गाळावर किती महिने ठेवता? उत्तर महिन्यांत मिळाले तर माणसाला विषय कळतो. 'भरपूर' असे आले तर सरळ टेस्टिंगकडे वळा. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रदेशात कायद्याने किमान 15 महिने बाटलीत काढावे लागतात, हा आकडा तुलनेसाठी लक्षात ठेवा.

दुसरा दिवस दिंडोरीचा. मोएट हेनेसी या फ्रेंच कंपनीची शाँदों वायनरी इथेच आहे. 2013 मध्ये तिच्या पहिल्या भारतीय बाटल्या बाजारात आल्या. आधी नोंदणी झाल्याशिवाय गाडी तिकडे वळवू नका. वाटेवर दिसणाऱ्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षांच्या असतात, थॉमसन किंवा सोनाकाच्या. निर्यातीच्या घडांना कागद गुंडाळलेला दिसला तर ती वाईनची बाग नव्हे. वाईनच्या वेली एकावर एक ताणलेल्या तारांवर भिंतीसारख्या चढवतात. मणी लहान, जाड सालीचे, बियांचे. परक्याच्या बागेत विचारल्याशिवाय शिरू नका, फवारणी नुकतीच झालेली असू शकते.

टेस्टिंगचा क्रम ब्रूट, मग रोझे (गुलाबी वाईन), गोड शेवटी. चपटा पसरट ग्लास मिळाला तर ट्युलिपच्या आकाराचा मागा. बुडबुडे उठतच नसतील तर वाईनला दोष देण्याआधी ग्लास बघा. साबणाचा अंश राहिला की फेस मरतो. तळलेल्या, खारट पदार्थांशी ही वाईन छान जमते, कोथिंबीर वडी उत्तम. मिसळीसोबत मात्र नको, बुडबुडे तिखटाची आग वाढवतात.

बाटली वायनरीतूनच घेतलेली बरी. गावातल्या दुकानात ती ट्यूबलाइटखाली, कधी उन्हात उभी असते. पारदर्शक काचेतल्या रोझेला प्रकाशाने उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. मागच्या लेबलावरची तारीख वाचा, अलीकडची निवडा. फळाचा ताजेपणा हीच इथल्या स्पार्कलिंगची मोठी बाजू आहे. गाडीच्या डिकीत बाटली तापवू नका. थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या आधीच बरोबर घ्या. तापलेली, हिंदकळलेली बाटली उघडली की अर्धी वाईन जमिनीवर जाते.

घरी आल्यावर बाटली दिवसभर स्थिर ठेवा. मग फ्रिजमध्ये तीन तास, किंवा अर्धे पाणी, अर्धा बर्फ आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत 25 मिनिटे. फ्रीझरमध्ये विसरलात तर काच फुटते. बुचावरच्या तारेला सहा अर्धे पीळ असतात. ते सोडताना अंगठा बुचावरून काढू नका. बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा, बूच नव्हे.

दिंडोरीहून वणीमार्गे सापुतारा गाठायचा मोह अनेकांना होतो. सापुतारा गुजरातमध्ये आहे आणि तिथे दारूबंदी आहे. तिकडे जायचेच असेल तर सापुतारा आधी करा, बाटल्या परतीच्या वाटेवर घ्या.