फळ्यावरची नावं

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं पाठवा, असं पत्र आलं. आम्हा सरकारी वकिलांना बोलायची सवय, लिहिणं सगळं स्टेनोच्या भरवशावर. त्यातून शाळेवर लिहायला बसलो की गाडी मराठीच्या बाईंपाशीच थांबते. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. बाई कोण, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

आठवीत मी मॉनिटर होतो. ऑफ तासाला बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे काम मी जरा जास्तच चवीने करायचो. एकदा शेवटच्या बाकावरच्या एकाचं नाव सवयीनेच लिहिलं. बाई आल्या, फळा वाचला.

"याला बोलताना पाहिलंस?"

"बाई, तो नेहमीच बोलतो."

"मी आत्ताचं विचारतेय."

तो बाईंसाठीच ऑफिसातून हजेरीपट आणायला गेला होता! बाईंनी डस्टर माझ्या हातात दिलं. "पूस. सगळीच पूस. एक खोटं निघालं, आता बाकीची कशावरून खरी?"

पुढे लॉ कॉलेजात 1872 चा पुराव्याचा कायदा शिकताना कलम 54 आलं : आरोपीचा पूर्वीचा वाईट लौकिक एरवी पुरावा म्हणून चालत नाही. मग कलम 60 : साक्षीदाराने स्वतः पाहिलं-ऐकलं तेच सांगायचं. वर्गात मी एकटाच हसलो. पोलीस कागद घेऊन येत आणि "साहेब, हा सराईतच आहे" म्हणत, तेव्हा 36 वर्षं माझं उत्तर ठरलेलं असे, "आत्ताचं सांगा."

एका बाबतीत मात्र बाई चुकल्या. एक विधान खोटं म्हणून अख्खी साक्ष फेकायची, हे आपल्याकडे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने निसार अली खटल्यात 1957 सालीच ते सांगितलंय. कोंडा पाखडून दाणा ठेवायचा. एका खुनाच्या खटल्यात माझा मुख्य साक्षीदार फितूर झाला. कोर्टाची परवानगी घेऊन मीच त्याची उलटतपासणी केली. निम्मं फिरवलं त्याने, पण आरोपी आणि मयत रात्री एकत्र दिसले, एवढं त्याच्या तोंडून राहिलं. इतर पुराव्याशी ते जुळलं आणि शिक्षा झाली. बाईंच्या न्यायाने तो फळा कोराच करावा लागला असता. हे त्यांना सांगून जरा वाद घालायचा होता. जाऊ जाऊ म्हणत राहिलो आणि बाई गेल्या.

1 जुलै 2024 पासून कायदेच बदलले. खुनाच्या कलमाचं 302 चं 103 झालं, साक्षीच्या त्या 60 चं 55. जिभेवर बसलेले आकडे या वयात उतरत नाहीत. तरुण सहकारी हळूच दुरुस्त करतात, मी त्यांचे आभार मानतो आणि पुढच्या वाक्यात पुन्हा चुकतो.

परवा शाळेत डोकावलो. आमच्या वर्गात फळ्याच्या जागी मोठा स्क्रीन आहे. मॉनिटर आता नावं कुठे लिहितो, ते विचारायचं राहिलं.