पाणी हाताशी होतं, संडास लांब होता

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावपातळीवरची परिचारिका आहे. मे महिन्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांची नावं टीव्हीवर येतात, त्यात आमची ब्रह्मपुरी बहुतेक वेळा असतेच. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की मी गृहभेटी सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर करते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी आशाताईंकडे असते. त्या दिवशी मात्र भर दुपारी आशाताईंचा फोन आला, "मॅडम, लवकर या, आजी काहीतरीच बोलून राहिल्या."

आजी पंचाहत्तरीच्या. मुलगा-सून कामासाठी बाहेरगावी. कवेलूचं जुनं मातीचं घर पडलं, त्या जागी विटांची एक खोली उभी राहिली, वर टिन. लू आत येऊ नये म्हणून दार-खिडकी गच्च लावलेली. पंखा चालू होता, पण त्याच्याखाली उभं राहिलं की चेहऱ्यावर धगच येत होती. कोपऱ्यात मुलाने आणून दिलेला कुलर होता. टाकी कोरडी, वर लुगड्यांच्या घड्या. बादल्या उचलून ती टाकी या वयात कोण भरणार? खाटेजवळ गडवाभर पाणी झाकून ठेवलेलं, काठोकाठ तसंच.

आजींनी मला त्यांच्या लेकीच्या नावाने हाक मारली आणि धान मळायला माणसं आली का म्हणून विचारलं. अंगाला हात लावला तर तापलेलं आणि अगदी कोरडं. काखेत थर्मामीटर ठेवलं, पारा १०४ फॅरनहाइटच्या वर गेला. माणूस बरळतंय आणि अंग असं तापलेलं आहे, म्हणजे हा उन्हाचा नुसता थकवा नाही, उष्माघात आहे. १०८ला फोन केला, डॉक्टरांना कळवलं आणि गाडीची वाट न बघता कामाला लागलो.

आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणात बांबू रोवून, वर झाडाच्या फांद्या टाकून मांडव घालतात. शेजाऱ्यांचा मांडव होता. चौघांनी आजींना खाटेसकट तिथे नेलं. बायकांनी लुगड्याचा आडोसा धरला. कपडे सैल केले आणि माठातलं पाणी डोक्यापासून पायापर्यंत ओतत राहिलो. वायर ओढून टेबलफॅन आणला आणि ओल्या अंगावर वारा सोडला. मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवली, गरम झाली की बदलली. आमचं ऊन कोरडं असतं, त्यामुळे अंगावरचं पाणी वाऱ्याने झपाट्याने उडतं आणि उडताना अंगातली उष्णता घेऊन जातं. कोरड्या अंगावर मात्र चाळिशीच्या वरच्या उन्हात पंखा नुसती गरम हवा फेकतो, आणि म्हाताऱ्या शरीराला घामही कमीच येतो. घाम कमी पडतो तिथे वरून पाणी द्यावं लागतं, इतकी ती साधी गोष्ट आहे.

एक काकू चमच्याने साखरपाणी पाजायला बसल्या, कुणी तापाची गोळी आणली. दोन्ही थांबवलं. शुद्ध धड नसताना तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि उन्हाने चढलेला ताप पॅरासिटामॉलने उतरत नाही. त्या काकूंच्या हातात तांब्या दिला, मग त्यांनी पाणी ओतायचं काम शेवटपर्यंत सोडलं नाही. गाडी आली तोवर आजी "गार लागते व माय" म्हणाल्या. ते वाक्य ऐकून आशाताईंचे डोळे भरून आले.

दवाखान्यात सलाइन लागलं, आजी बऱ्या होऊन घरी आल्या. भेटायला गेले तेव्हा गोळ्यांची पिशवी पाहिली. बीपीच्या गोळीसोबत लघवी वाढवणारी गोळी होती. अशी गोळी उन्हाळ्यात शरीर आणखी सुकवते, पण ती स्वतःच्या मनाने बंद करायची नसते. डॉक्टरांना दाखवून त्यांनीच मात्रा बदलली. मग विचारलं, "आजी, गडवा भरलेला होता, पाणी का नाही प्यायलात?"

"तहान नाई लागत," म्हणाल्या. हे खरंच असतं, वयाबरोबर तहान मंदावते. पण मी उठले नाही, बसून राहिले. मग हळूच म्हणाल्या, "पाणी पेलं का लघवीले जा लागते. संडास तिकडं सांदवाडीत. भुई पोळते, गुडघे धरत नाई." सांदवाडी म्हणजे घरामागचं आवार. सकाळच्या चहानंतर त्या मुद्दाम काही पीतच नव्हत्या. उन्हाळा लागल्यापासून असंच चालू होतं आणि घरातल्या कुणालाही ते माहीत नव्हतं. मला ते ऐकून फार लागलं. आम्ही गावभर ओआरएसची पाकिटं वाटतो, भरपूर पाणी प्या म्हणून सांगत फिरतो आणि ही बाई चालायला लागू नये म्हणून तहानेवर दिवस काढत होती.

म्हणून आधी संडासाचं बघितलं. शेजारच्या पोरांनी दारापासून संडासापर्यंत मांडव पुढे वाढवला, खाली जुनी पोती टाकून ती ओली ठेवायची ठरलं. रात्रीसाठी मुलाने बसायची भांड्याची खुर्ची आणून दिली. हे झाल्यावर पाणी प्या म्हणून सांगायला तोंड उरलं. घोटभर का होईना, दर तासाला, कधी पन्हं, कधी ताक, कधी आंबील. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच, हे मी प्रत्येक घरी सांगते. टिनावर धानाच्या तणसाचा जाड थर घातला, चुलीच्या धुराड्यापासून लांब. कुलरची टाकी शेजारचा मुलगा सकाळी भरतो आणि कुलर चालू असताना खिडकी उघडी ठेवतात, नाहीतर खोलीत दमट कोंडतं. झोपायला आजी अंगणातच, डोक्याशी ओलं फडकं.

आता आशाताईंच्या यादीत एक रकाना वाढवला आहे, संडास खाटेपासून किती पावलांवर आहे आणि वाटेत सावली आहे का. यंदा एप्रिलमध्येच तो भरून घेतला. ज्या घरांत वाट उघडी निघाली, तिथे मांडवाचे बांबू आधी पोचवायला सरपंचांना सांगितलं आहे.